दुपारी एक ते तीन पडू नये

पूल मोकळा आहे.

घोड्याच्या शेपटीचे केस ऑनलाइन मिळतात. परत घेत नाहीत.

खालच्या मजल्यावरच्या फ्राउ आरेन्सने आमच्या दारावर चिकटवलेली चिठ्ठी: दुपारी एक ते तीन आणि रविवारी दिवसभर कृपया पडू नये.

कवटीच्या डोळ्यांची भोकं केवढी असावीत, यावरून आमच्या ओळखीतल्या दोन सज्जन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आहे.

पडणे, मराठी: दात पडतो, उमेदवार पडतो, नाटक पडतं, शिपाई लढाईत पडतो, जेवण झालं की माणूस जरा पडतो.

आई म्हणाली, "मेलात तर बोलता कसे?"

*

माझा नवरा श्रीरंग सोमवार ते शुक्रवार गिअरबॉक्सच्या आवाजावर काम करतो. आवाज कुठून येतो ते शोधतो आणि बंद करतो. शनिवार-रविवारी तो १८०९ साली असतो.

ब्राउनश्वाइगला नवे आलो तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, इथे ओळखी हव्या असतील तर एखाद्या फेराइनमध्ये जा, मंडळात शिरल्याशिवाय जर्मन माणूस तोंड उघडत नाही. श्रीरंग सशांच्या मंडळात जाऊन आला, गाण्याच्या मंडळात जाऊन आला (तिथून त्यांनीच त्याला सशांकडे पाठवलं), आणि शेवटी काळ्या कोटवाल्यांत रमला. नेपोलियनच्या काळात इथल्या ड्यूकचे शिपाई काळे कोट घालून लढले. ही मंडळी तसेच कोट हाताने शिवतात, कुरणात तंबू ठोकतात आणि त्या लढाया पुन्हा लढतात. उंच टोपीवर घोड्याच्या केसांचा तुरा आणि पुढे पांढरी कवटी. ही कवटी ती दुसरी, नाझींची नव्हे, हिचा जन्म बराच आधीचा, हे श्रीरंगला ट्राममध्ये दर वेळी कोणाला तरी समजावून सांगावं लागतं.

बंदुकीत खरी दारू घालून बार काढायचा तर पुल्व्हरशाइन लागतो. म्हणजे दारूचा परवाना, पण ती दारू नव्हे. श्रीरंगकडे तो अजून नाही. ज्याच्याकडे नाही तो पहिल्या फैरीला मरतो. तीन वर्षं श्रीरंग पहिल्या फैरीला, मागच्या रांगेत, अंगाला खाज सुटणाऱ्या पाल्यात मरत आला होता. तिथे त्याला फक्त मुंग्यांनी पाहिलं.

या वर्षी त्याला जासूद केलं. जासुदाने पुलावरून धावत यायचं, अख्खं मैदान ओलांडायचं, प्रेक्षकांच्या दोरीसमोर गोळी खायची, कप्तानापर्यंत खुरडत जायचं, म्हणायचं, "हेर हाउप्टमान, डी ब्र्यूके इस्ट फ्राय!", पूल मोकळा आहे, आणि पडायचं.

एक वाक्य. एक मरण. सगळ्यांच्या समोर.

मार्चपासून आमच्या हॉलमध्ये श्रीरंग मरत होता. आधी गुडघा, मग हात, मग छाती. फ्राउ आरेन्स खालून झाडूच्या दांड्याने दाद देत होत्या.

*

मे महिन्यात माझी आई आली. सुलेखाताई, कोथरूडच्या, तीन महिन्यांसाठी. बाबा गेल्यापासून तिची ही पहिलीच खेप. आईचं इथलं बोलणं बेतास बात: बेकरीत ती बोटाने पाव दाखवते, फ्राउ आरेन्स जिन्यात भेटल्या की मान हलवते.

पहिल्याच दिवशी तिने पिठलं ढवळता ढवळता विचारलं, "श्रीरंगराव, हे काय करणार म्हणालात?"

"मरणार, आई." त्याच्या तोंडावर बढती मिळाल्यासारखा आनंद होता.

"कधी?"

"रविवारी तीन वाजता. शनिवारी रंगीत तालीम. तीसुद्धा लोकांसमोरच असते."

आईने गॅस बंद केला. "माझ्या देखत जावई मरायचा नाही."

"खोटं खोटं हो, आई."

"खोटंच करायचं तर काहीतरी चांगलं करा. खोटी मुंज करा कोणाची."

"आल्झो, म्हणजे, तसं नसतं ते..."

"आणि ती खालची बाई दारावर चिठ्ठी लावून सांगते आहे, दुपारचं पडू नका. तिचं तरी ऐका."

चिठ्ठी मी तोवर वाचलीही नव्हती. वाचली तेव्हा हसू आलं. एक ते तीन पडायचं नाही, असं पुण्यातल्या माणसाला सांगायचं!

*

शनिवार. कुरण. डाव्या बाजूला आम्ही, म्हणजे काळे. उजव्या बाजूला शत्रू, म्हणजे हानोव्हरहून आलेली दोन बसभर माणसं. दोरीच्या अलीकडे सॉसेज, बिअर, बाबागाड्या. लाउडस्पीकरवर एक निवृत्त शिक्षक.

लाउडस्पीकर: मंडळी, डावीकडे बघा! पुलावरून एक जासूद येतोय!

आई: पट्टा सैल झालाय त्यांचा. सांग की त्यांना.

मी: आई, लढाई चालू आहे.

लाउडस्पीकर: शत्रूने त्याला पाहिलंय... मंडळी, जासूद इतका वेगात आहे की टपालखात्यातला नाही हे नक्की!

(आई हसली. मग लोक हसले.)

बंदुका. धूर. श्रीरंग झटका खाऊन वळला, गुडघा टेकला, उठला, खुरडला. घरी शंभरदा पाहिलेलं होतं, पण घरी धूर नव्हता.

श्रीरंग: हेर हाउप्टमान! डी ब्र्यूके... इस्ट... फ्राय!

आणि पडला. गुडघा, हात, छाती. टोपी गडगडत दोरीपर्यंत आली. कवटी वर.

लाउडस्पीकर: मंडळी, एक क्षण शांतता.

आई: उठा!

मी: आई!

आई दोरीखालून पलीकडे गेली. साडीवर स्वेटर, पायात माझे स्पोर्ट्स शूज.

आई: अहो श्रीरंगराव, उठा! उठा म्हणते ना!

श्रीरंग (डोळे मिटून): आई, मी मेलोय.

आई: मेलात तर बोलता कसे?

मराठी कोणालाच कळलं नाही, पण कळायला मराठी लागत नव्हतं. आधी बाबागाडीवाले हसले, मग बिअरवाले, मग शत्रू. आमच्या बाजूच्या मेलेल्यांची पोटं हलायला लागली. हानोव्हरचा एक मृत सैनिक तर उठून बसला आणि त्याने फोटो काढला. १८०९ साली, मोबाइलवर.

नाटक पडलं. श्रीरंग मात्र उठला.

*

गेफालन, जर्मन:
१. पडलेला.
२. लढाईत मेलेला.
३. आवडलं.

हे तिन्ही एकच शब्द कसं करतो, हे मला विचारू नका. मला तिसरा अर्थ नीट वापरायला तीन वर्षं लागली, कारण "मी आवडले" आणि "मला आवडलं" यांतला फरक ज्या एका प्रत्ययावर असतो तो नेमका माझ्या जिभेवरून घसरतो.

*

तालीम संपल्यावर हाउप्टमान आमच्याकडे आला. हाउप्टमान म्हणजे कप्तान, नाव उवे ब्रिंकमान. एरवी त्याचं चष्म्याचं दुकान आहे. शनिवार-रविवारी तो कोणाला चष्मा घालू देत नाही. टोपी काखेत धरून, टाचा जुळवून त्याने आईला विचारलं, "हात एस ईनेन गेफालन?"

तुम्हाला आवडलं का, एवढंच. पाहुण्यांना विचारतात तसं.

आईने हात उंच करून जोरात हलवला. "नाइन! निष्ट गेफालन! नुर फरलेट्स्ट!"

मला लगेच कळलं ती काय सांगत होती. तिने तो शब्द आठवडाभर श्रीरंगच्या तोंडून लढाईच्या अर्थानेच ऐकला होता. ती म्हणत होती: नाही! मेला नाही! फक्त जखमी!

पण उवेला ऐकू आलं: नाही. आवडलं नाही. मी फक्त दुखावले गेले.

त्याचा चेहरा टोपीवरच्या कवटीसारखा झाला. मी "उवे, थांब, तिला म्हणायचं होतं..." म्हणेपर्यंत तो झुकला आणि तंबूत गेला. मी मागे निघाले तर आईने माझा दंड धरला.

"जाऊ दे त्याला. विचार करतोय."

"आई, मुळात तू दोरीच्या पलीकडे गेलीसच का? तीन वर्षं वाट पाहिली त्याने या एका मरणाची."

आईने श्रीरंगकडे पाहिलं. तो लांब गवतात बसून तुऱ्यातलं गवत वेचत होता, रुसलेला.

"तुझे बाबा जेवून उठले आणि म्हणाले, जरा पडतो," आई म्हणाली. "चारला चहा केला. हाक मारली, उठा. उठले नाहीत." तिने स्वेटरच्या बाहीवरचं गवत झटकलं. "तुझ्या नवऱ्याला हाक मारली, तो उठला. त्याला रुसू दे."

उवेचा तंबू राहिला; मी श्रीरंगशेजारी जाऊन गवत वेचायला बसले.

*

रविवारी सकाळी उवेने सगळ्यांना ओळीत उभं केलं. चेहऱ्यावरून तो रात्रभर जागाच होता. त्याने जाहीर केलं, की मंडळाच्या हातून एका पाहुणीचं मन दुखावलं गेलं आहे, आणि पाहुणीचं म्हणणं ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर आहे. प्रत्येक लढाईत मेलेल्यांपेक्षा जखमी जास्त असतात. आपण मात्र गेली कित्येक वर्षं नुसते मरत आलो, कारण मेलं की काम संपतं. म्हणून आजपासून स्ट्रेचर, पाणी, पट्ट्या. पहिला जखमी, जासूद श्रीरंग.

श्रीरंग माझ्याजवळ आला. "ऊर्मिला, मला जखमी केलं."

"वाक्य आहे ना?"

"वाक्य आहे. पण वाक्यानंतर मरायचं असतं गं. जखमी माणूस वाक्य बोलून करणार काय?"

"दुसरं बोलेल."

त्याने भुवया आवळल्या. गिअरबॉक्सचा आवाज कुठून येतो ते शोधताना त्याचा चेहरा तसा होतो.

उवे आईसाठी कपडे घेऊन आला होता. छावणीत पाणी देणाऱ्या बायकांचा जाड घागरा, एप्रन, पांढरी टोपी. आईने घागऱ्याला "परकर बरा आहे" म्हटलं आणि साडीवरूनच घातला. मनगटावरचं घड्याळ तिने न सांगता काढलं. टिकली काढा म्हणायला उवेने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं.

*

तीन वाजता जासूद पुलावरून निघाला. धूर, झटका, गुडघा. खुरडत आला, "हेर हाउप्टमान, डी ब्र्यूके इस्ट फ्राय!" म्हणाला आणि कोसळला. लोक श्वास रोखून होते. कालचे काहीजण मुद्दाम परत आले होते.

आई धुरातून बाहेर आली. हातात मातीचं भांडं. घाईत नव्हती. त्याच्याशेजारी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. लाउडस्पीकरवरचे गुरुजी काय बोलायचं ते विसरले.

मला दोरीपासून ऐकू येत होतं.

"उठा, श्रीरंगराव."

"आई, मी जखमी आहे. लगेच नाही उठता येत."

"मग हळू उठा."

तो हळू उठला. कोपरावर, मग बसता. टाळ्या सुरू झाल्या. दोघांनी त्याला स्ट्रेचरवर घातलं आणि दोरीच्या कडेकडेने न्यायला लागले, बाबागाड्यांपासून सॉसेजच्या गाडीपर्यंत, आणि श्रीरंगला एकदम उमगलं, की मेलेल्या माणसाला एकाच जागी मरता येतं, जखमीला अख्खं मैदान मिळतं. त्याने हात वर केला.

"डी ब्र्यूके इस्ट फ्राय," तो बाबागाड्यांना म्हणाला, क्षीण.

"डी ब्र्यूके," तो बिअरवाल्यांना म्हणाला, आणखी क्षीण, "इस्ट..."

"फ्राय!" बिअरवाले ओरडले.

सॉसेजच्या गाडीपाशी त्याने ते कुजबुजून म्हटलं आणि सॉसेजवाल्याने डोळे पुसले, धूर असेल. माझ्यासमोरून जाताना श्रीरंगने एक डोळा उघडला. "ऊर्मिला, मरण्यात काही नव्हतं गं."

"श्रीरंग, बास!" मैदानाच्या मधोमध उवे ओरडत होता. "लढाई राहिली आहे!"

संध्याकाळी तंबू उतरवत असताना उवे पुन्हा आला. टोपी काखेत, टाचा जुळवलेल्या. घाबरत घाबरत तोच प्रश्न. हात एस ईनेन गेफालन?

आई एप्रनची घडी घालत होती. वर पाहून म्हणाली, "या. येत्स्ट हात एस मिअर गेफालन."

हो. आता मला आवडलं.

मिअर. मला. प्रत्यय जिथल्या तिथे. मी हातातली तंबूची दोरी सोडली; तंबू श्रीरंगवर पडला.

"आई, हे कुठे शिकलीस?"

"तुमचं ऐकून ऐकून," आई म्हणाली आणि घडी उवेच्या हातात दिली.

अकरावी-बारावीला आईने संस्कृत सोडून जर्मन घेतलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.