तेरा नंबरच्या कॅमेऱ्यातले मामा

उद्यानाच्या कचेरीत भाचीचं काम एकच: रानातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले फोटो बघायचे आणि प्राणी कोणता ते लिहायचं. डोंगर केवढा, तर पायथ्याच्या ओढ्यात पाणमांजर, मधल्या रानात अस्वल, साळिंदर नि उडणारी खार, आणि बर्फाजवळ रानबकरे, अशी सगळी बिऱ्हाडं एकाच पत्त्यावर राहायची. अस्वलांना कॅमेऱ्यावर पाठ घासायची भारी हौस. एक कोल्हा तर आठवडाभर रोज येऊन कॅमेरा हुंगून गेला, आणि त्याच्या नाकाचे एकशे चाळीस फोटो तिने इमानेइतबारे नोंदवले.

अगदी वरच्या चौकीचे रक्षक म्हणजे तिचे सख्खे मामा. गप्पा मारण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. अकरा वर्षं ते सांगत आले होते, "हिमबिबट्या? माझ्यापासून दहा पावलांवर बसला होता! शेपूट माझ्या मफलरपेक्षा लांब!" कचेरीने त्यांचं नावच 'दहा पावलं' ठेवलं होतं.

यंदा मात्र साहेबांनी बजावलं होतं, "या मोसमात हिमबिबट्याचा एकही फोटो आला नाही, तर वरची चौकी बंद. मामा बसतील तिकीट खिडकीत." ज्या माणसाला घरातसुद्धा दार लावून घेतलेलं खपत नाही, त्याला खिडकीत बसवायचं!

मोसमाचं शेवटचं मेमरी कार्ड आलं, तेरा नंबरच्या कॅमेऱ्याचं. रानबकरा. रानबकरा. गिधाड. पुन्हा तोच नाकाड्या कोल्हा. मग मामा. बॅटरी बदलली की रक्षकाने तारखेची पाटी धरून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, असा नियम. मामा छाती फुगवून उभे होते, आणि त्यांच्या मागे खडकावर, शेपूट पंजांभोवती गुंडाळून, हिमबिबट्या त्यांच्या टोपीकडे बघत बसला होता. मधे दहा पावलंसुद्धा नव्हती.

भाची किंचाळलीच. सगळी कचेरी धावली. साहेबांनी मामांना खाली बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर बदलीचा कागद टराटरा फाडला.

"हां, आता सांगा मामा, चांगलं तिखटमीठ लावून. तुम्ही वळून बघितलंत तेव्हा त्याने काय केलं?"

मामा संगणकाच्या पडद्याजवळ गेले. टोपी काढली.

"मी वळलोच नाही, साहेब," ते म्हणाले. "हा प्राणी मी आज पहिल्यांदा बघतोय. अकरा वर्षं याचे ठसे बघितले, ओरखडे बघितले, विष्ठा उचलली. हा काही दिसला नाही. लाज वाटायची, म्हणून सांगत सुटलो."

साहेब खो खो हसत सुटले. "वा, मामा! थापांची ही नवीच तऱ्हा!" आणि सगळी कचेरी पोट धरधरून हसली.

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी भाचीकडे बघितलं. "तू तरी खरं मान गं."

"मानते की, मामा," ती म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. त्या साऱ्या कचेरीत मामांच्या थापांवर इतकी वर्षं मनापासून विश्वास ठेवणारी ती एकटीच होती, पण हे त्यांना आज सांगायचं तिच्या जिवावर आलं.