चौकीदाराची डुलकी

"हा झोपला नाही, मेला," काकू म्हणाल्या.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकीदार खुर्चीत बसला होता. फूट-दीड फूट उंचीचा, लाकडी, अंगात खाकी डगला, भरघोस पांढऱ्या मिशा. डगल्याची बटणं सोडलेली होती आणि छातीच्या पोकळीत काडेपेटीएवढी निळी मोटर बसवलेली होती. मोटरच्या तीन वायरी एका छोट्या बोर्डात गेल्या होत्या आणि बोर्डाची एक वायर लॅपटॉपला. काकूंनी लॅपटॉपवर चाळीस हा आकडा टाकून एंटर दाबलं, त्याबरोबर चौकीदाराची मान खाडकन छातीवर आपटली होती.

"तू सांगितलंस तेच केलं त्याने," काकूंचा धाकटा भाऊ म्हणाला. झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि यंत्राची बाजू घ्यायची त्याला सवय होती. "ही साधी मोटर नाही, ताई. साधी मोटर सुटली की गरगर फिरतच राहते. हिला कुठे थांबायचं ते सांगायचं. नव्वद म्हटलंस की मान ताठ, चाळीस म्हटलंस की खाली. तिथे जाते आणि तिथेच धरून बसते."

"पण माणूस असा झोपतो का रे?"

"मग कसा झोपतो?"

काकूंनी इतकी वर्षं डोळ्यांसमोर बघितलेली गोष्ट ती. त्यांनी नुसतीच आपली मान थोडी खाली नेली, मध्येच थांबवली, चोरून वर घेतली आणि मग सोडून दिली. भाऊ बघत राहिला.

"म्हणजे भाऊजी करतात तसं," तो म्हणाला.

"करायचे तसं," काकू म्हणाल्या आणि उठून दाराची कडी लागली आहे ना ते बघून आल्या. काका फिरायला गेले होते. ते यायच्या आत सगळं आवरायला हवं होतं.

शाळाशाळांतून त्या दोघांना बाहुलीकाका आणि बाहुलीकाकू म्हणत. त्यांची खरी नावं मुलांना कधी कळली नाहीत आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. एके काळी दोन ट्रंका भरून बाहुल्या होत्या, राजा होता, वाघ होता, नाकात बोलणारी राणी होती. मुलांच्या आवडी बदलल्या तशा बाहुल्या एकेक करून ट्रंकेत गेल्या त्या गेल्याच. चौकीदार तेवढा टिकला, आणि तो टिकला त्याच्या डुलकीवर.

गोष्ट म्हटली तर काहीच नव्हती. बिस्किटांच्या गोदामावर एक म्हातारा चौकीदार बसलाय, त्याला झोप येते आणि उंदीर बिस्किटं पळवतो. उंदीर काकूंच्या डाव्या हातात. उंदराचा आवाज, चौकीदाराचा आवाज, मधली गाणी, सगळं काकूंचं. काकांकडे फक्त एक दोरा. चौकीदाराच्या मानेतून निघालेला तो दोरा खुर्चीच्या पाठीतून, काळ्या पडद्यातल्या भोकातून मागे यायचा आणि पडद्यामागे स्टुलावर बसून काका तो ओढायचे नि सैल सोडायचे. समोरचं त्यांना काही दिसत नसे. हसणं ऐकू यायचं, त्यावरून ते पुढचं ठरवायचे. चौकीदाराची मान हळूच कलायची, अर्ध्या वाटेत अडायची, कुणी बघितलं तर नाही ना अशी वर यायची आणि मग सगळी लाज सोडून खाली जायची. मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत. आपला नवरा एका दोऱ्यावर शंभर पोरांना लोळवतो, याचा काकूंना फार अभिमान होता. तो त्यांनी कधी तोंडावर बोलून दाखवला नाही. ते राहून गेलं.

मग काकांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या कपापुरता, मग शर्टाच्या बटणांपुरता, आणि एक दिवस तो दोऱ्यातून चौकीदाराच्या मानेत उतरला. त्या दिवशी डुलकी आली तेव्हा कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने बाईंना विचारलं, "आजोबांना बरं नाही का?" ते काकूंनी ऐकलं. देवाची कृपा की पडद्यामागे ते पोहोचलं नाही.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने खेळानंतर काकूंना बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं, की काकांना आता विश्रांती द्या. घरी आल्यावर काकूंनी विश्रांतीचा विषय काढून पाहिला. काका रागावले नाहीत. पायातले मोजे काढत म्हणाले, "खेळ गेला तर सकाळी उठून मी करायचं काय, ते सांग. मी उठणारच नाही मग."

त्यावर काकूंना सुचली ती ही मोटर.

भावाने बोर्डातल्या सूचना बदलल्या. आता आकडा दिला की मान एकेक अंश सरकत तिथवर जायची, आणि किती सावकाश तेही काकूंना सांगता यायचं. पण पहिल्यांदा मान वर उचलताना मोटरला लॅपटॉपची वीज पुरी पडेना आणि चौकीदाराची मान थरथरायला लागली. थेट तशीच. काकूंनी डोळ्यांवर हात ठेवला. "बंद कर," त्या म्हणाल्या, "आधी बंद कर ते." भावाने मोटरला वेगळे सेल जोडले, थरथर थांबली.

दोऱ्याचं काम काकूंनी कुणाला करू दिलं नाही. त्यांनी स्वतः कात्रीने तो मानेपासून कापला आणि खुर्चीच्या पाठीला एक रबर अडकवून त्याला बांधला. ओढला की मानेएवढाच जड लागला पाहिजे. त्यासाठी घरातली सगळी रबरं लावून पाहिली. काकांच्या हाताला फसवणं सोपं नव्हतं, आणि ज्या माणसाशी आयुष्यात खोटं बोलल्या नाहीत त्याच्याशी त्या आता हाताने खोटं बोलत होत्या.

डुलकी शिकायला मात्र लांब जावं लागलं नाही. कंपावरच्या नव्या गोळीने काकांना जेवल्यावर झोप यायची. ते आरामखुर्चीत डुलायला लागले की काकू समोर बसून बघत. मान कुठे कलते, कुठे अडते, कुठे वर येते. हाताचा कंप झोपेत थांबायचा. तेवढा वेळ त्यांना आपला जुना नवरा परत मिळायचा आणि जाग आली की जायचा.

"काय बघतेस गं?" काका डोळे उघडून विचारत.

"घोरताय, ते बघतेय. शेजारचे तक्रार करतील."

पहिला खेळ एका छोट्या शाळेत झाला. काकू नेहमीसारख्या पडद्याच्या कडेला बसल्या, जिथून त्यांना पुढचं आणि मागचं दोन्ही दिसायचं. लॅपटॉप बघून काकांना संशय येण्यासारखं नव्हतं, गाण्यांचं संगीत आधीपासून त्याच्यावरच वाजायचं. मोटरची कुरकुर झाकायला त्यांनी रातकिड्यांचा आवाज लावला. डाव्या हातात उंदीर, उजवा हात एंटरवर. काकांनी दोरा सैल सोडला, काकूंनी एंटर दाबलं, चौकीदार पेंगला. अर्ध्यात अडला. वर आला. मग गेला. हॉल हशाने भरून गेला.

पडद्यामागे काकांनी मान वर केली. हातातल्या दोऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की काकू उंदराचं पुढचं वाक्य विसरल्या.

त्यानंतर काका बदलले. पुन्हा स्वतः दाढी करायला लागले, गालावर दोन-तीन ठिकाणी कापून घेऊन हसायला लागले. डॉक्टरांना म्हणाले, "गोळी लागू पडली बघा. एरवी थरथरतो, पण दोरा हातात आला की हात सरळ." डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं. काकू पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. खोटं एकदा गळ्यात पडलं की ते उतरवायचं कुठे?

मग विश्रांती द्या म्हणणाऱ्या त्याच मुख्याध्यापिकेने पुन्हा बोलावलं. इकडून तिकडून तिच्या कानावर आलं होतं, की काकांचा हात सुधारला. काका सकाळपासून तयार होऊन बसले होते.

खेळ रंगात होता. डुलकीचं वाक्य आलं, रातकिडे सुरू झाले, काकूंनी एंटर दाबलं. मान कलली, अडली. मुलं खिदळली. मान वर आली, मग सगळी लाज सोडून खाली गेली, आणि सबंध हॉल एकदम हसला. काकूंनी सवयीने मागे बघितलं.

काका स्टुलावर नव्हते. ते जमिनीवर गुडघे टेकून काहीतरी चाचपत होते. दोरा केव्हाच त्यांच्या बोटांतून सुटला होता आणि रबराने त्याला पडद्याच्या भोकापर्यंत ओढून नेलं होतं. चाचपता चाचपता त्यांचा हात थांबला. ते हसणं ऐकत होते. हसणं थांबत नव्हतं. त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं, मग भोकात लोंबणाऱ्या दोऱ्याच्या टोकाकडे, आणि मग काकूंकडे.

काकूंचा उंदीर वाट बघत होता. "चौकीदारकाका, जागे आहात का?" त्या कशाबशा म्हणाल्या. मुलं ओरडली, उठवा, उठवा. आता चौकीदाराने दचकून जागं व्हायचं. काकांनी दोरा धरला, स्टुलावर बसले, आणि ओढला नाही. हात हवेत तसाच ठेवून ते काकूंकडे बघत राहिले. हात थरथरत होता.

काकूंनाही एंटर दाबवेना. दाबलं, की दोरा न ओढताच चौकीदार उठणार आणि सगळं उघडं पडणार. मुलांचा आरडाओरडा हळूहळू ओसरला. कुणीतरी खोकलं. मुख्याध्यापिका खुर्चीत पुढे सरकली. चौकीदार छातीवर मान टाकून पडला होता आणि त्याला उठवणारं कुणी नव्हतं.

मग काकांनी मानेनेच काकूंना खूण केली. दाब.

काकूंनी दाबलं. चौकीदार दचकून जागा झाला आणि मुलांनी एकच गिल्ला केला. पुढचा सगळा खेळ काका जिथे ओढायचा तिथे दोरा ओढत राहिले. मागून कुणी डोकावलं तर दिसू नये म्हणून, की बायकोची लाज राखायला, ते काकूंना अजून कळलेलं नाही.

"काका, हात अगदी पूर्वीसारखा," मुख्याध्यापिका निघताना म्हणाली.

"हो ना," काका म्हणाले. "हिची मेहनत आहे सगळी."

टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर काकूंनी पाणी दिलं. ते दोन्ही हातांनी पेला धरून प्यायले.

"रबर कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"ओढ अगदी बरोबर होती. मानेएवढीच." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "मला आपलं वाटत होतं, गोळी लागू पडली."

काकू तिथेच जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडल्या. "मला मारा, बोला काहीतरी," त्या म्हणाल्या. काकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन त्यांना एका जागी लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर काका म्हणाले, "मांड त्याला टेबलावर."

काकूंनी चौकीदार मांडला, सेल जोडले, लॅपटॉप लावला. काकांनी खुर्ची ओढून समोर घेतली, अगदी समोर, जिथे मुलं बसतात तिथे. एवढ्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"मध्ये किती आकड्यावर थांबवतेस?"

"सत्तर."

"पंच्याहत्तर कर. इतकं खाली जाऊन माणूस वर येत नाही, त्याला तेवढी लाज उरलेली नसते. आणि वर आलास की थोडा वेळ डोळे उघडे ठेव म्हणावं. उघडे म्हणजे, मान नुसती वर थांबव."

काकूंनी डोळे पुसत आकडे बदलले आणि एंटर दाबलं. चौकीदाराची मान हळूच कलली. अर्ध्या वाटेवर अडली. कुणी बघितलं तर नाही ना अशी वर आली. थांबली. आणि मग सगळं सोडून खाली गेली.

काका हसले. पोटातून, खुर्ची हलेपर्यंत हसले, त्या पुढच्या रांगेतल्या पोरांसारखे. मग हसणं थांबलं आणि ते त्या लाकडी म्हाताऱ्याकडे नुसते बघत राहिले.

"असं दिसतं होय," ते म्हणाले. "चांगलं करायचो की गं मी."

काकूंनी नव्वद टाकून मान वर घेतली, आणि काकांसाठी पुन्हा एंटर दाबलं.