लव्हाळ्याच्या तीन गाठी

"...पाच, सहा, सात."

सातला उत्तर आलं. तिरिंगोने श्वास सोडला.

पाणी पोटरीपर्यंत होतं, आणि इतकं गार की पावलं दुसऱ्याच कुणाची असावीत असं वाटत होतं. समोर पंधरा पावलांवर लव्हाळ्याचा एक दाट पुंजका धुक्यात उभा होता. त्याच्या बुडाशी, पाण्यापासून वीतभर वर, पात्यांनीच विणलेली एक वाटी होती आणि वाटीत चार अंडी. तिने ती एकदाच पाहिली होती, अठरा दिवसांपूर्वी. त्यानंतर पंधरा पावलांच्या आत ती गेली नव्हती. रोज पहाटे यायचं आणि ऐकायचं. पुंजक्यातून एक हुंकार यायचा, रिकाम्या मडक्याच्या तोंडावर कुणी हलकेच फुंकावं तसा. मग डावीकडून दुसरा. दोन्हींमधलं अंतर ती मोजायची. जोडी सुखात असली की सातपर्यंत उत्तर येई.

गावात या पाखराला नाव नव्हतं. राजधानी आदिसहून येणारे पक्षी बघणारे त्याला पांढऱ्या पंखांची फटाकडी म्हणत. मुठीत मावेल एवढं, उंदरासारखं गवताच्या बुडातून पळणारं. उडायचं फक्त अगदी पायाखाली आलं तर. तिरिंगोचं लग्न झालं तेव्हा ती याच पाणथळीत लव्हाळं कापायची, आणि विळ्याच्या पुढून असं काहीतरी सटकताना तिने कितीदा पाहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी शहरातल्या लोकांनी चित्र दाखवून विचारलं तेव्हा तिला कळलं की आपण काय पाहत होतो. त्या वर्षी तिने विळा छताच्या वाशात खोचला, तो तिथेच राहिला. आता ती पाणथळ राखायची आणि पाहुण्यांना आत न्यायची.

घरटं मात्र चार वर्षांत हेच पहिलं.

नवं वर्ष चार-पाच दिवसांवर आलं होतं. लव्हाळं कापणाऱ्या बायका रोज कडेकडेने पुढे सरकत होत्या, म्हणून तिने पुंजक्याच्या बाहेरच्या पात्यांना तीन गाठी मारून ठेवल्या होत्या. गाठ म्हणजे हे गवत कुणाचं तरी आहे. पाणथळीत भांडणं खूप व्हायची, विळे उगारले जायचे, पण दुसऱ्याची गाठ कुणी तोडलेली तिने तीस वर्षांत पाहिली नव्हती.

तिच्या हिशेबाने पिल्लं बाहेर यायला चार दिवस होते.

*

"आलीस का चिमणीची चौकशी करून?" तिचा नवरा देगेफा दारातल्या दगडावर बसून चपलेचा पट्टा शिवत होता. "काय म्हणते? ताप वगैरे नाही ना?"

"बरी आहे."

"मला कधी विचारत नाहीस, बरा आहे का म्हणून."

"तुम्ही ओरडता तेवढ्यावरून कळतं."

तो हसला. मग दोरा दाताने तोडत म्हणाला, "उद्या येणार तुझी माणसं?"

"चौघं. गाशे मेकुरिया आहेत." ती क्षणभर थांबली. "या वेळी कॉफीला घरी येऊ का, विचारत होते."

आजवर पाहुणे बसजवळ उभ्यानेच काहीतरी खाऊन परतत. देगेफाने मान वर केली, दारातून आत पाहिलं. शेणाने सारवलेली जमीन स्वच्छ होती आणि उघडी होती. सणावारी गावातल्या प्रत्येक घरात हिरवं लव्हाळं पसरलेलं असे. त्यांच्या घरात अकरा वर्षं नव्हतं. राखणदारणीनेच कापलं तर इतरांना कुठल्या तोंडाने अडवायचं? असेगेदेच नावाची शेजारीण एकदा भर लग्नात म्हणाली होती, "देगेफाकडे काय, बैल बसतो त्याच जमिनीवर पाहुणा बसतो." चप्पल पायात घालून देगेफाने दोनदा जमिनीवर आपटून पाहिली.

*

दुसरा दिवस पागुमेची तीन तारीख. वर्षाच्या शेपटीला लटकलेल्या त्या पाच दिवसांच्या महिन्यात एरवीही सगळं थोडं तरंगल्यासारखं असतं; त्यात देवदूत रुफाएलचा दिवस, या दिवशीचा पाऊस देवाघरचा. तिरिंगो उजाडण्याआधीच निघाली. बस थांबायची तो रस्ता तासाभराच्या चालीवर होता.

गाशे मेकुरिया सगळ्यांत आधी उतरले; वयाचा मान म्हणून सगळे त्यांना गाशे, म्हणजे काका, म्हणत. सत्तरीचे, निवृत्त औषधविक्रेते, गळ्यात दुर्बीण आणि कोटाच्या खिशात वही. ही त्यांची दहावी खेप.

"तिरिंगोबाई, या वेळी नाही दिसली तर मी सरळ तुमच्या गावात येऊन राहणार. सांगून ठेवतो."

"या की. गुरं राखायला माणूस हवंच आहे."

"पगार?"

"ताक."

मागची मंडळी हसली. पाणथळीच्या कडेला येईपर्यंत सगळे गप्प झाले होते. सूर्य वर चढताना पाण्यातून धुकं उठतं, तसं ते उठलं होतं आणि पुढे केलेल्या हाताची बोटंही पुसट दिसत होती. कुठेतरी क्रौंचांची जोडी चालत होती; दिसत नव्हती, फक्त पाणी हलल्याचा आवाज यायचा. तिरिंगोने ओळखीच्या दगडाला पायाने चाचपलं आणि सगळ्यांना तिथे थांबवलं.

"इथून पंधरा पावलं. आता बोलायचं नाही. आधी एक हाक मारेल, मग दुसरी."

ते उभे राहिले. धुकं त्यांच्यामधून वाहत होतं. मेकुरियांच्या भुवयांवर थेंब जमले. मोजायला सुरुवात करावी असा आवाजच आला नाही. अर्धा तास गेला, मग आणखी अर्धा. तिरिंगोने स्वतःला समजावलं की धुक्यात कधीकधी ती गप्प असतात. तसं तिने पूर्वी एकदाही पाहिलं नव्हतं.

"असू दे," मेकुरिया हळूच म्हणाले. "ती इथे आहे एवढं पुरे आहे मला. चला, कॉफी प्यायची ना?"

*

देगेफा दारात उभा होता. ठेवणीतली पांढरी शाल, हातात पाण्याचा तांब्या. अकरा वर्षांत तो पाहुण्यांसमोर असा कधी उभा राहिला नव्हता. त्याने एकेकाच्या हातावर पाणी घातलं आणि बाजूला सरला.

आत जमीन हिरवीगार होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब, ओलं, जाड लव्हाळं. खोलीभर पाणथळीचा वास होता.

"अरे वा!" मेकुरिया उंबऱ्यातच थांबले. "माझ्या आईच्या घरी असं असायचं. इतकं चांगलं गवत आता शहरात मिळत नाही हो."

"शहरात काय मिळतं?" देगेफा म्हणाला. "बसा, बसा. पाय पसरून बसा."

तिरिंगो चुलीपाशी गेली. कॉफीच्या बिया भाजायच्या तव्याकडे हात नेताना तिच्या पायाला काहीतरी टोचलं. तिने वाकून पाहिलं. लव्हाळ्याच्या पात्यांची गाठ. तिच्या हातची, डावीकडून वळवलेली. दुसरी तिथेच, तव्याच्या सावलीत. तिसरी तिने शोधली नाही.

तिने दोन्ही गाठी उचलून कमरेच्या पट्ट्यात खोचल्या आणि बिया तव्यावर टाकल्या.

कॉफी तीन वेळा उकळते. पहिली, दुसरी, आणि आशीर्वादाची तिसरी. तिच्याआधी ना पाहुणा उठतो ना घरची बाई. अंडं पावसाळी हवेत फार तर तासभर उघडं राहू शकतं. ती घरातून निघाल्याला चार तास होत आले होते. बिया काळ्या होईपर्यंत ती त्या हलवत राहिली.

देगेफा रंगात आला होता. "मी म्हटलं, हिने पुंजका राखून ठेवलाय, गाठी मारून. आजच्यासाठीच असणार. बोलणार नाही ती, स्वभावच तसा आहे. मग मीच विळा काढला. चिखलात गुडघाभर रुतलो, आणि काय सांगू, पायाशी काहीतरी फडफडलं! एवढंसं. पाय असे लोंबत होते आणि पंखांच्या मागच्या कडेला, इथे, पांढरं."

मेकुरियांनी कप खाली ठेवला. "पांढरं? नक्की?"

"धुक्यातही चमकलं की! हीच का गं तुझी चिमणी?"

"हीच," तिरिंगो म्हणाली आणि दुसरी कॉफी ओतली. धार मध्ये तुटली नाही.

मेकुरियांनी वही काढली. दहा वर्षं रिकाम्या असलेल्या ओळीपुढे त्यांनी तारीख लिहिली, आणि पुढे देगेफाचं नाव, वडिलांच्या नावासकट, दोनदा विचारून. देगेफाला वाचता येत नव्हतं. तरी त्याने वही हातात घेतली, ती ओळ बोटाने चाचपली आणि बायकोकडे पाहिलं. तिरिंगोला आठवेना, तो याआधी असा कधी हसला होता.

तिसरी कॉफी तिने शेवटच्या थेंबापर्यंत वाटली.

*

पाहुणे गेल्यावर पाऊस आला. गावातली पोरं ओरडत उघड्यावर धावली, बायका अंगणात येऊन तोंड वर करून उभ्या राहिल्या. तिरिंगो थांबली नाही. पट्टा आवळायला तिने शाल बाजूला केली तेव्हा देगेफाला गाठी दिसल्या.

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मग खालच्या गवताकडे.

"त्यात काही होतं?"

"घरटं."

"गाठ आपल्या घराची होती," तो म्हणाला. "आपली गाठ मी नाही सोडायची तर कोणी? मला काय ठाऊक, तू माझ्यापासूनही राखायला मारली होतीस ती."

"मी सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असता."

तिरिंगो निघाली.

पुंजक्याच्या जागी पाण्याचा एक मोकळा चौकोन होता. देगेफाचा हात चांगला. सगळे खुंट एका उंचीचे होते. वाटी कलंडून दोन खुंटांमध्ये अडकली होती. एक अंडं फुटलेलं, दोन तिने पाण्यातून काढली. चौथं सापडलं नाही. दोन्ही तिने तळहातावर धरली. पावसाच्या थेंबांइतकीच गार होती.

मागे पाणी हललं. तिने वळून पाहिलं. देगेफा आला होता. ओळखीच्या दगडापाशी, बरोबर पंधरा पावलांवर, तो थांबला होता. कुणी त्याला तिथे थांबायला सांगितलं नव्हतं. टोपी हातात होती आणि शाल भिजून अंगाला चिकटली होती.

तेवढ्यात दूर पूर्वेकडून हुंकार आला. एकच.

"हीच का?" त्याने ओठांनीच विचारलं.

तिने मानेनेच हो म्हटलं. "आता दुसरी बोलते. सातपर्यंत."

पाऊस पाण्यावर पडत होता. ती मोजू लागली, तोही ओठ हलवून मोजू लागला. सात झाले. ती थांबली नाही, म्हणून तोही थांबला नाही.