ऐकायची मिनिटं

नागरी संरक्षण खात्यात सतरा वर्षं मी स्वयंसेवकांना एकच गोष्ट शिकवते आहे: कोसळलेल्या घराखालचा जिवंत माणूस कानाने कसा शोधायचा. एक लांब शिट्टी झाली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, यंत्रं बंद, खोकलासुद्धा गिळायचा. पूर्ण तीन मिनिटं. खाली अडकलेला माणूस थकलेला असतो. तो दोनदा ठोकतो, मग बराच वेळ दम खातो.

मागच्या हिवाळ्यात शेजारी देशातल्या भागीदार संस्थेबरोबर आमचा मोठा प्रकल्प झाला. सहा आठवड्यांत बारा पथकं 'सक्षम' करा, असा वरून हुकूम. पहिल्याच सरावाला उणे अठरा अंश, त्या संस्थेचे कुडकुडणारे पाहुणे आणि पातेल्यात गार होत चाललेलं वाटाण्याचं सूप. "उर्वे, आटप की गं आता!" आमचे साहेब कानाशी येऊन कुजबुजले. मी एका मिनिटातच काम सुरू करायची शिट्टी मारली. पुढच्या पथकालाही एकच मिनिट. मग तीच सवय पडली. अहवालात मात्र मी बिनदिक्कत 'तीन' लिहून सही ठोकली. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

एप्रिलमध्ये खाणीच्या गावात गॅसचा स्फोट होऊन पाच मजली इमारतीची एक बाजू बसली. सगळ्यात आधी पोचलं ते तार्वोचं पथक, त्या बारांतलंच, माझ्याच हाताखाली शिकलेलं. त्यांनी चार ठिकाणी शिट्टी मारली, ऐकलं आणि पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी बालवाडीतली स्वयंपाकीण हेल्वे तळघरात सापडली. हातात पळी होती आणि शेजारच्या पाइपाला पोचे पडले होते. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळपर्यंत ती जिवंत होती.

चौकशीच्या दिवशी तार्वो बाहेर बाकावर बसला होता. एरवी तो बस चालवतो, मोठ्या आवाजाचा गडी. आज त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. शिकवली तीन मिनिटं, थांबला एकच, असं म्हणून सगळं त्याच्यावर ढकलायचं आत जवळजवळ ठरलंच होतं.

"बाई, मीच घाई केली असणार," तो म्हणाला. "तुम्ही तीनच शिकवली होती ना? कागदावर तसंच आहे म्हणे."

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

"नाही रे," मी शेवटी म्हणाले. "मी एकच शिकवलं. तो कागद खोटा आहे. आत जाऊन मी हेच सांगणार आहे."

मला वाटलं, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, निदान तो मला शिव्या तरी घालेल. तो उठून भिंतीला टेकला.

"माझी एकट्याची चूक असती तर बरं झालं असतं हो, बाई. बाकीची अकरा पथकंही एकच मिनिट थांबत असतील, त्यांना कुणी सांगितलंय का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. स्फोटाला आठ दिवस होऊन गेले होते, आणि ते आठही दिवस मी स्वतःचं कसं होणार या काळजीत घालवले होते.