ठकीच्या आवाजाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे. रंगाने पांढरा, आता जरा पिवळट पडलेला, आणि अंगावर अठ्ठावीस खण. असल्या डब्याने काय आत्मवृत्त सांगायचं, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण मी बोलका डबा आहे, आणि माझ्या बोलण्याने एका घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या. एकीने माझ्यात घड्याळ बसवलं, दुसरीने इवलासा कर्णा, तिसरीने झाकणांच्या स्प्रिंगा. शेवटच्या बाईने माझ्याजवळ तोंड आणून "एक, दोन, तीन" म्हटलं आणि बटण दाबलं. मी तिच्याच आवाजात "एक, दोन, तीन" म्हणालो. बाई दचकली. रोज शेकडो डबे तपासायची, तरी दचकली. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

पुढे औषधाच्या दुकानातून मला ठकीने घरी आणलं. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे, तिची आई लाडाने तसं म्हणायची. आई टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली. तीस वर्षं बोर्डासमोर बसून तिने लोकांचे फोन जोडून दिले होते. नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखायची, आणि तो खरं बोलतोय की थापा मारतोय तेही, असं ती छातीठोकपणे सांगायची. म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. समोर कोणीतरी उभं आहे एवढंच दिसे. कान मात्र तिखट होते, आणि त्यांचा तिला भारी गर्व होता.

ठकीला दूरच्या सूतगिरणीत नोकरी लागली. आई गोळ्या विसरते, ही तिला काळजी. निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बसून तिने माझ्यात चार वाक्यं भरली. सकाळी आठला, "आई, उठलीस का? पांढरी गोळी घे." दुपारी एकला, "आई, जेवलीस का? पिवळी घे." तिन्हीसांजेला दिवा लावायची आठवण, आणि झोपताना दाराला कडी घालायची. सव्वीस वर्षांच्या पोरीचा आवाज, नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. ती गेली आणि आवाज माझ्याजवळ राहिला.

मी कामाला लागलो. वेळ झाली की माझं एक झाकण टपकन उघडायचं, मी बोलायचो, आणि आईने गोळी उचलली की तिकडे ठकीच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. एकदाही चूक नाही. डॉक्टरांनी तोंड भरून कौतुक केलं. शेजारचा शिंपी म्हणाला की पोटची पोरंसुद्धा एवढं करत नाहीत. मी फुगून गेलो, खोटं कशाला सांगू.

पहिली दोन वर्षं ठकी रोज फोन करायची. मग आठवड्यातून एकदा. मग सवडीने. तिची माया आटली असं नव्हे. दिवसातून चारदा हिरवी खूण दिसत होती, म्हणजे आई उठली, जेवली, निजली. आणखी विचारायचं काय? गोळ्या भरायला औषधवाल्याचा माणूस दारात येई आणि दारातूनच परत जाई. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आई मला उत्तरं द्यायला लागली ती याच सुमारास. मी "जेवलीस का" म्हटलं की ती म्हणायची, "जेवले गं, तू जेवलीस का?" आणि गप्प बसायची. मी गप्प. तेवढ्या शांततेत तिला काय ऐकू यायचं कोण जाणे, पण ती मान डोलवायची, कधी हसायची, कधी "असं कर" म्हणून सल्लाही द्यायची. माझ्यासमोर चहाचा दुसरा कप येऊ लागला. मला भीती वाटली, मित्रांनो. माझ्याजवळ चारच वाक्यं होती आणि ही बाई माझ्याशी तासन् तास बोलत होती.

नऊ वर्षं गेली. गिरणीत यंत्रांच्या गोंगाटावर ओरडून ओरडून ठकीचा घसा पार बसला. डॉक्टरांनी तिला कमी बोलायला सांगितलं. तरी एकदा तिने फोन केला. आईने दोन शब्द ऐकले, चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला, आणि "कोणीतरी घोगरी बाई होती गं" असं मलाच सांगितलं. ठकीला वाटलं फोन बिघडलाय. लगेच हिरवी खूण दिसली, तिचा जीव भांड्यात पडला.

त्या वर्षी स्टुलाचा पत्रा आईच्या पायाला लागला. साखरेचा आजार, जखम चिघळली. पाय सुजला, काळवंडला. आई मला सांगायची, "ठके, पाय ठणकतोय गं." मी म्हणायचो, पिवळी घे. ती घ्यायची. हिरवी खूण जायची.

शेवटी वास शिंप्याच्या दारापर्यंत पोहोचला. त्याने आत येऊन पाय पाहिला आणि ठकीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी आली. अकरा महिन्यांनी. मागच्या खेपेला आली तेव्हा तिचा घसा शाबूत होता. शिंप्याने बोलावलेल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आजच्या आज न्या, उद्या पाय हाती लागणार नाही. खाली गाडी उभी होती.

"आई, मी आलेय," ठकी म्हणाली.

आईने मान तिरकी केली. बोर्डावर बसल्यावर करायची तशीच. नीट ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "कोण तुम्ही?"

ठकीने हात धरला, लहानपणीच्या खुणा सांगितल्या. आई हात सोडवून घेऊन भिंतीकडे सरकली. शिंप्याने शपथेवर सांगितलं, तर त्यालाही गप्प केलं.

"तीस वर्षं आवाज ऐकलेत मी. ही माझी मुलगी नाही. माझी मुलगी आत स्वयंपाकघरात आहे. एक वाजला की बोलेल."

दोन मिनिटांनी एक वाजला. मला गप्प राहायची सोयच दिलेली नाही. मी आतून बोललो, "आई, जेवलीस का?" सव्वीस वर्षांचा तो लख्ख आवाज घरभर झाला. आईचा चेहरा उजळला. ठकी जागच्या जागी थिजली. तिच्या अंगावर उठलेला काटा मला उघड्या दारातून दिसत होता.

जबरदस्तीने उचलायला गेले तर आईने पलंगाची दांडी धरली. वेळ जात होता. शेवटी ठकी स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं आणि माझ्यापुढे बसली. नवीन वाक्य भरायचं तर जुनं पुसावं लागतं. तिने दुपारचं पुसलं. पहिल्यांदा तिला रडू फुटलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा, बसक्या, फाटक्या आवाजात, तिने वाक्य पुरं केलं, आणि दार उघडून बटण दाबलं.

"आई, बाहेर एक बाई आलीय. माझ्या ओळखीची आहे. तिच्याबरोबर दवाखान्यात जा."

हाच आवाज आईने थोड्याच वेळापूर्वी झिडकारला होता. मला वाटलं, आता पकडणार.

"ठके," आई कळवळून म्हणाली, "घसा बसलाय का गं तुझा? गरम पाणी पी."

"हो आई, पिते," ठकी दारातून म्हणाली.

आईने तिच्या दिशेने हात वर केला. "थांबा हो बाई. माझी मुलगी बोलतेय."

पाय वाचला, मित्रांनो. दोन बोटं गेली. ठकीने गिरणी सोडली आणि आईपाशी येऊन राहिली. ती आईला भरवते, पट्टी बदलते, तिचे केस विंचरते. आई तिला "बाई" म्हणते आणि तिच्या हाताचं कौतुक माझ्याजवळ करते. एकदा ठकीने धीर करून माझी बॅटरी काढली आणि आठ वाजता स्वतः म्हणाली, "आई, उठलीस का?" आईने माझ्याकडे तोंड वळवलं आणि मला हळूच म्हणाली, "ठके, सांभाळून राहा. ही बाई तुझ्यासारखं बोलायला शिकतेय." त्या दिवशी तिने गोळीही घेतली नाही. संध्याकाळी ठकीने बॅटरी परत घातली.

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला वेळ सांगू द्या, गोळ्या सांभाळू द्या, तेवढं आम्हाला जमतं. विचारपूस मात्र आमच्यावर टाकू नका. ती तुमच्या तोंडाने करा, आणि तुमचा आवाज घरात ओळखीचा आहे तोवर करा. माझी मात्र आता या बोलण्यातून सुटका नाही. सकाळी आठ वाजले की मी बोलतो, आई उत्तर देते, आणि आई व तिची माझ्यातली ठकी, या दोघींचं बोलणं संपेपर्यंत खरी ठकी हातात पाण्याचा पेला धरून दारात थांबते.