सिस्टरच्या बोटांना सोसणाऱ्या तारा

मी एक जुनी गिटार आहे. जुनी म्हटल्याचा मला राग येत नाही, कारण मित्रांनो, लाकूड मुरलं की गिटारीच्या आवाजाला गोडी येते, असं जाणकार सांगतात. माणसांच्या आवाजाबद्दल असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे सगळीकडे भुसा उडत असे आणि सरसाचा वास भरलेला असे. माझ्या पोटाची पातळ फळी कारागिराने कानाशी धरली, बोटाने ठोकली आणि तो म्हणाला, "ही बोलेल." माझं झालेलं ते पहिलं कौतुक. मग त्याने मला मान बसवली आणि मानेच्या आत एक लोखंडी सळई घातली. सहा तारा रात्रंदिवस ओढत असतात, त्या ओढीने मान वाकू नये म्हणून. तेव्हा दिसायला नाजूक असले, तरी मी आतून मोडेन पण वाकणार नाही अशी आहे!

मला विकत घेतलं एका बस ड्रायव्हरने. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते डेपोतल्या बाकावर बसून मला वाजवत. आजूबाजूला इंजिनं घरघरत असायची, भोंगे वाजायचे, कंडक्टर एकमेकांना हाका मारायचे. त्या गोंगाटातून ऐकू जायला हवं, म्हणून त्यांनी मला सगळ्यात जाड तारा लावल्या होत्या. जाड तारांचा आवाज मोठा असतो, पण त्या दाबायला बोटांत जोर लागतो. ड्रायव्हरसाहेबांच्या बोटांना असे घट्टे पडले होते की पत्र्याच्या टेबलावर बोट आपटलं तर टकटक वाजे. त्या घट्ट्यांचा त्यांना भारी अभिमान होता. डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि मीही फुशारून जात असे.

मग ते निवृत्त झाले. घरी आल्यावर हळूहळू त्यांनी मला हातात घेणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता मन लागत नाही." माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या एका बाजूला फुटका पंखा होता आणि दुसऱ्या बाजूला हिवाळ्याची पांघरुणं. दोघांशीही माझं फारसं पटलं नाही.

तिथून मला खाली काढलं ते त्यांच्या लेकीने. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणते. गिटार शिकायची हौस तिला लहानपणापासून होती. आता कुठे सवड मिळाली होती.

पण पहिल्याच आठवड्यात तिची बोटं लाल झाली.

"दुखतं ना?" उस्ताद खुशीत म्हणाले. "दुखायलाच हवं. बोटं सोलल्याशिवाय गिटार येत नाही. घट्टे पडू देत."

"तुमचं बरं होतं, बाबा. तुम्हाला स्टिअरिंग धरायचं होतं. मला शीर शोधायची असते."

मित्रांनो, खरी अडचण इथेच होती. रक्त काढायचं असलं की सिस्टर डाव्या हाताचं बोट मुलाच्या कोपराच्या घडीवर हलकेच दाबते. लहान मुलांच्या शिरा बहुधा दिसत नाहीत, बोटालाच कळाव्या लागतात. शीर नेमकी कळली की सुई एकदाच टोचावी लागते. आणि गिटारीच्या तारा दाबायच्या त्या डाव्याच बोटांनी. त्यांना घट्टे पडले तर शीर कशी कळणार?

म्हणून तिने एक रीत पाडली होती. सराव संपला की ती म्हणे, "बाबा, हात." मग डोळे मिटून ती त्यांच्या कोपरापाशी शीर चाचपून बघे.

"हा माझा हात आहे, तुझा दवाखाना नाही," उस्ताद कुरकुरत. पण बाही आधीच वर गेलेली असे.

तिने ठरवलं, बारीक तारा आणायच्या. ती दुकानात गेली आणि एक पाकीट घेऊन ऐटीत परत आली. गंजलेल्या तारा काढून तिने मला नव्या तारा चढवल्या. मला लगेच कळलं की ओढ तसूभरही कमी झालेली नाही. पण मी सांगणार कशी? माझं बोलणं म्हणजे कुणी वाजवलं तर!

ती नेटाने सराव करत राहिली. नव्या तारांची सवय व्हायला वेळ लागतो, अशी स्वतःची समजूत घालत राहिली. एके दिवशी तिने बाबांच्या हातावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथेच राहिलं.

"सापडेना?" उस्तादांनी विचारलं.

"आज एका चिमुरडीला दोनदा टोचलं मी," ती म्हणाली. "रडली नाही हो. नुसतं बघत राहिली माझ्याकडे. बस झालं, बाबा. उद्या ही गिटार दुकानात देऊन टाकते."

उस्तादांच्या हातातलं वर्तमानपत्र नीटच घडी केलेलं होतं, ते त्यांनी उलगडून पुन्हा घडी केलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने मला मांडीवर घेऊन एक सूर छेडला आणि बोट झटकलं. "अहो, ही वाजवतं कोण? पैलवान?"

"मीच. आणि मुद्दाम बारीक तारा लावल्यात. तुमच्याकडूनच नेल्या की!"

"कुठल्या दिल्या होत्या मी?"

"दहा, अकरा, बारा, तेरा असे नंबर होते. मी तेरा घेतला. सगळ्यात मोठा."

"मग सगळ्यात जाडच मिळणार ना, सिस्टर!"

"असं कसं? नंबर मोठा तर सुई बारीक!"

"सुई? सुई कुठून आली मध्येच?"

सिस्टरने कपाळावर हात मारला आणि अशी हसली की भिंतीवरच्या गिटारीसुद्धा झंकारल्या. इंजेक्शनच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते. तारांचं बरोब्बर उलटं!

"चूक माझीही आहे," दुकानदार म्हणाला. "नवीन शिकताय का, एवढं तरी विचारायचं. मला वाटलं, बाई दिसतात शांत, पण हात जड असेल."

त्याने दोन-तीन तऱ्हेच्या तारा काउंटरवर ठेवल्या. सिस्टरने पाकिटांकडे बघितलंही नाही. डोळे मिटून तिने एकेक तार बोटाखाली घेतली. तिला आवडल्या त्या दहा नंबरच्या. त्यातल्या जाड तारांमध्ये पोलादाभोवती रेशमाचे धागे होते आणि त्यावर तांब्याची मऊ गुंडाळी.

दुकानदाराने मला त्या चढवल्या. ओढ कमी झाली म्हणून मानेतली सळई जराशी सैल केली, नाहीतर तारा मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर खडखडल्या असत्या. मग तारा जिच्यावर टेकतात त्या पोटावरच्या घोडीतलं हाड थोडं घासून तारा खाली आणल्या. मित्रांनो, शाळेतून आल्यावर तुम्ही पाठीवरचं दप्तर टाकता ना, अगदी तसं वाटलं मला!

घरी उस्तादांनी कान टवकारले. "आवाज कुठे गेला हिचा? डास गुणगुणतोय जसा!"

"बाबा, इथे कुठे बस चालू आहे?"

उस्तादांनी खुर्ची थोडी जवळ ओढली.

बोटांची साल निघून आत नवी कातडी येईपर्यंत सिस्टर थांबली. मग रोज थोडा वेळच वाजवायची आणि झालं की म्हणायची, "बाबा, हात." एका संध्याकाळी तिने डोळे मिटले, बोट टेकवलं आणि लगेच उचललं.

"काय झालं?" उस्ताद घाबरले.

"काही नाही. सापडली. आहे जागेवर."

त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा एक अख्खं गाणं न थांबता वाजवलं. दोन ठिकाणी चुकली. मी सांभाळून घेतलं.

मला सगळ्यात आवडते ती गोष्ट मात्र पुढची आहे. सिस्टर कामावर गेली होती. उस्तादांनी दार लोटलं, मला उचललं आणि बिचकत बिचकत एक तार दाबली. त्यांचे घट्टे केव्हाच झडून गेले होते, बोटं मऊ पडली होती, सांधे आखडले होते. मन लागत नव्हतं वगैरे काही खरं नव्हतं. त्यांना त्या जाड तारा दाबवतच नव्हत्या, आणि उस्तादाने ते सांगायचं कुणाला? आता तार दबली आणि मी स्वच्छ वाजले. मग ते थांबेनातच.

सिस्टर लवकर परतली, तरी त्यांना पत्ता नाही.

"बाबा, मन लागलं वाटतं?"

"तारा तपासत होतो," उस्ताद म्हणाले. "बऱ्या आहेत."

"बोटं दुखली?"

त्यांनी बोटं उलटीपालटी करून पाहिली. "नाही गं," ते हळूच म्हणाले.

आता या घरात मला कोण घेणार यावरून रोज भांडण असतं, आणि मी मजेत आहे. मित्रांनो, माझी थोडकी मागणी आहे. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने आमच्या तारा पुसा. आम्हाला कपाटावर चढवू नका. आणि कुणी काही शिकायला बसलं, किंवा कुणी शिकलेलं सोडून दिलं, तर त्याला हौस नाही, कष्ट नकोत, असं लगेच म्हणू नका. आधी जवळ बसून विचारा, "कुठे दुखतंय का?"