हात तसाच ठेवा

“हात तसाच ठेवा. बोटसुद्धा हलवू नका,” कंटिन्युइटीवाल्या बाईंनी बजावलं आणि उडालेला दिवा बदलायला माणसं शिडी आणायला गेली.

पलंगावर तो बेशुद्ध पडलेला. मालिकेत, गेले तीन आठवडे. उशाशी ती, त्याची बायको, तीही मालिकेतच. तिचा उजवा हात त्याच्या पंजात. मघाशी होता तसाच तो पुढच्या शॉटमध्ये दिसायला हवा, म्हणून दिवा लागेपर्यंत सोडायचा नाही.

दोघांचा खरा संसार सहा वर्षांत मोडला. हा अठरा वर्षं झाली तरी मोडेना. कोर्टातून बाहेर पडली त्याच दुपारी तिने इथे येऊन ‘अहो, औषध घ्या’ म्हणत त्याला चमचा भरवला होता. तेव्हापासून तेच अहो, तोच जिना, तेच जिन्यावर बसून रडणं. दुसरीकडे काम मागायला गेली की लोक कौतुकाने म्हणत, “तुम्ही तर आमच्या वहिनी!” आणि चहा पाजून वाटेला लावत.

आता वाहिनीने दोघांचं लेखी मत मागवलं होतं. दोघंही नको म्हणाले तर महिन्याभरात शेवट. एकाचा जरी होकार आला तर आणखी तीन वर्षं. आणि आज चारपर्यंत कागद आला नाही, तर तोही होकारच धरणार. तिचा कागद डाव्या हाताखाली घडी घालून तयार होता. ‘बंद करा.’ दोनच शब्द. अडसर त्याचा होता.

“ऐक,” ओठ न हलवता ती म्हणाली. “हात जोडते तुला. म्हणजे, सुटला की जोडीन. नको म्हण या मालिकेला.”

“बेशुद्ध माणसाशी काय वाद घालतेस?” डोळे मिटूनच तो म्हणाला.

“चेष्टा पुरे. तुला हे काम सोडवणार नाही, माहीत आहे मला. पण जीव गुदमरतो रे माझा इथे.”

वर शिडी करकरली.

“मी सोमवारीच देऊन टाकला कागद. बंद करा म्हणून. तुझ्याच कागदासाठी अडलंय.”

रात्रभर जुळवलेली विनवणी तिच्या जिभेवर तशीच बसून राहिली.

“सोमवारी? आज शुक्रवार. पाच दिवस माझ्यासमोर पडून आहेस, आणि बोलला नाहीस?”

“वाटलं, तुला आनंदच होईल.”

“झालाच की.”

“मग बोटं का आवळतेस? त्या बाई ओरडतील.”

तिने बोटं सैल केली.

“एकदा विचारायचं तरी होतंस.”

“कोर्टात गेलो तेव्हा तरी कुठे विचारलं होतं एकमेकांना?”

रंगवलेल्या फिकट पापण्या किंचित थरथरल्या. मेकअप संपतो तिथे, त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. एवढ्या जवळ रोज बसूनही ते तिने आजच पाहिले.

निर्मितीकडचे वयस्कर कारकून दाराशी आले.

“ताई, तुमचा तेवढा कागद. चारला पाच कमी आहेत.”

“बघताय ना काका,” ती म्हणाली, “हात अडकलाय माझा.”

आणि मोकळ्या डाव्या हाताने, कंटिन्युइटीवाल्या बाईंच्या नजरेस पडणार नाही इतकं हळू, तिने चादरीचं टोक कागदावर ओढून घेतलं.